वसा-सापळा

वसा-सापळा : उपाहारगृहे, खाणावळी, वसतिगृहे, रुग्णालये, मंगल कार्यालये, कारखान्यांतील भोजनगृहे इ. ठिकाणच्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यातील तेल, तूप, चरबी वगैरे स्निग्ध पदार्थ पाण्यापासून अलग करून अडवून ठेवण्यासाठी निचरा-नळाच्या मार्गात बसविण्यात येणाऱ्या पेटीला किंवा टाकीला वसा-सापळा म्हणतात. नळकाम व बांधकाम या व्यवसायांत ती ‘ग्रीज ट्रॅप’ या नावानेच ओळखली जाते. सापळा स्निग्ध पदार्थ नष्ट करीत नाही. तो फक्त त्यांना एका ठिकाणी थांबवितो. तेथून ते कोणाला तरी बाहेर काढावेच लागतात. ही गोष्ट साधी असली, तरी सापळ्याचे आकारमान, जागा, झाकण व बसवणी यांविषयीच्या बहुतेक नियमांचे मूळ तिच्यात आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बहुसंख्य सापळे निकामी ठरतात.

आवश्यकता : भांडी घासताना निघणारे गरम पाणी मोरीतून जाते, तेव्हा त्यातील तेल-तूप पातळ असते व ते विनासायास वाहून जाते. काही मीटर पुढे गेल्यावर पाणी निवते आणि स्निग्ध पदार्थ नळाच्या आतील बाजूला चिकटू लागतात. कोणता पदार्थ केव्हा गोठेल, हे त्याच्या वितळबिंदूवर अवलंबून असते. खोबरेल सुमारे २४° ते २५° से.ला थिजते, वनस्पती तुपाचा वितळबिंदू साधारणपणे ३१° ते ४१° से. असतो, म्हणजे भारतात वर्षाचा बराच काळ ते जमिनीखालच्या नळात घनरूपातच राहते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांची तेले नळात गोठत नाहीत. त्यामुळे ती निरुपद्रवी आहेत असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. तळणीत पुनःपुन्हा तापलेल्या तेलाचे अंशतः विघटन होऊन त्यात मुक्त वसाम्ले तयार होतात. सांडपाण्यातील सूक्ष्मजंतूही हे विघटन घडवून आणतात. या वसाम्लांचा काँक्रीटमधून किंवा पाण्यातून आलेल्या कॅल्शियमाशी संयोग झाला की, कॅल्शियमाचा साबण बनतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही व कालांतराने दगडासारखा कठीण होतो. नळ तुंबविणारे थर हे नुसते गोठलेले तूप नसून बऱ्याच अंशी असा साबणच असतो, याचा पुरावा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. गोठलेले तूप उकळत्या पाण्याने सुटू शकते, साबणाचा हा थर मात्र पाण्याने सुटत नाही. तो खरवडून किंवा फोडूनच काढावा लागतो.

लंडनमधील व्हाइटचॅपल भागात २०१७ साली भुयारी गटारात सापडलेला असा गोळा सुमारे २५० मी. लांब व अंदाजे १३० टन वजनाचा होता. तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा २०१८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शित करण्यात आला. त्याआधी २०१३ मध्ये टेम्स नदीकाठच्या किंग्स्टन येथे सुमारे १५ टनांचा गोळा मिळाला होता. भारतातील शहरांत घडणारा प्रकार याहून लहान, पण याच जातीचा असतो. उपाहारगृहाच्या मागील गल्लीतले चेंबर तुंबते, मैलामिश्रित पाणी रस्त्यावर येते आणि बांबूच्या कामट्या घेऊन कामगाराला बोलाविले जाते. जेथे सार्वजनिक गटारव्यवस्थाच नाही, अशा महामार्गावरील धाब्यांत स्निग्ध पदार्थ सेप्टिक टाकीत साय धरतात व पुढे शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रे बुजवितात. असा शोषखड्डा पुन्हा पाणी शोषू लागत नाही. दुसरा खणावा लागतो. वाहितमल-शुद्धीकरण केंद्रातही तेलाच्या तवंगामुळे पाण्यात प्राणवायू मिसळण्यास अडथळा येतो.

इतिहास : वसा-सापळ्याचे पेटंट अमेरिकेत नॅथॅनिएल व्हायटिंग यांना १८८४ मध्ये मिळाले. आडभिंतींनी प्रवाह संथ करून तेल वर तरंगू द्यावयाचे, ही त्यातील कल्पना आजही बदललेली नाही. लष्करी छावण्यांत सापळ्याला विशेष महत्त्व होते, कारण तेथे हजारो माणसांचे जेवण एका ठिकाणी शिजत असे आणि सांडपाणी मुरविण्यासाठी जमिनीतील खड्ड्यांवाचून दुसरे साधन नसे. अमेरिकन लष्कराच्या आरोग्यविषयक नियमपुस्तिकांत दोन प्रकारचे सुटसुटीत सापळे सांगितलेले आढळतात : एक, उभ्या फळीने दोन भाग केलेले व ती फळी तळापासून थोडी वर ठेवलेले जलाभेद्य पिंप, दुसरा, तळाला भोके पाडून खडी व वाळू किंवा राख यांचे थर भरलेले आणि तोंडावर गोणपाट ताणलेले पिंप. दुसऱ्या महायुद्धात स्निग्ध पदार्थांना अचानक किंमत आली. त्यांपासून मिळणारे ग्लिसरीन स्फोटकांसाठी हवे होते आणि १९४२ पासून अमेरिकेत घरोघरची व उपाहारगृहांतील वाया जाणारी चरबी गोळा करण्याची मोहीमच हाती घेण्यात आली.

कार्यतत्त्व : तेल पाण्यापेक्षा हलके असते, खाद्यतेलांची सापेक्ष घनता साधारणपणे ०.९१ ते ०.९२ भरते. त्यामुळे पाणी पुरेसे संथ झाले की, तेलाचे थेंब वर येतात आणि अन्नाचे कण तळाशी बसतात. थेंब किती वेगाने वर येईल, हे जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येते. या नियमाप्रमाणे वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३०° से.च्या आसपासच्या पाण्यात १५० मायक्रॉन व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे १.२ मिमी. वेगाने चढतो, म्हणजे ६० सेंमी. अंतर तो नऊ मिनिटांच्या आत पार करतो. थेंबाचा व्यास २० मायक्रॉन असेल, तर त्याच अंतराला सुमारे आठ तास लागतात. इतका वेळ कोणताही व्यवहार्य सापळा पाण्याला थांबवू शकत नाही.

या दोन आकड्यांतच सापळ्याची शक्ती व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. भांडी नुसती विसळल्यावर निघणारे तेल मोठ्या थेंबांच्या रूपात असते व ते सहज अडते. साबण किंवा प्रक्षालक चूर्ण मिसळल्यावर तेलाचे बारीक थेंब होऊन त्यांचे पायस बनते आणि ते सापळ्यातून निसटून जाते. वेगाने फिरणाऱ्या पंपातून सांडपाणी सापळ्यात चढविले, तरी हाच परिणाम होतो; म्हणून पंप लावणे भाग असेल, तर तो सापळ्याच्या आधी न लावता नंतर लावावा. अतिशय गरम पाणी आधी साठलेला थर वितळवून पुढे घेऊन जाते. या दोन्ही कारणांसाठी यूरोपीय मानकात (ईएन १८२५) प्रक्षालकांचा वापर होत असल्यास सापळ्याचे आकारमान १.३ पट धरावे व पाणी ६०° से.पेक्षा गरम असल्यास पुन्हा १.३ पट धरावे, असे सांगितले आहे. भांडी धुण्याच्या यंत्राचे पाणी गरमही असते व प्रक्षालकयुक्तही असते; ते लहान पेटीत सोडू नये.

रचना : मोरीखाली ठेवावयाची लहान पेटी आणि जमिनीत बांधावयाची मोठी टाकी असे दोन मुख्य प्रकार आहेत. पेटी अगंज पोलादाची, बिडाची किंवा प्लॅस्टिकची असते. टाकी विटांची, सलोह काँक्रीटची किंवा काचतंतूंनी मजबूत केलेल्या प्लॅस्टिकची करतात. दोन्हींत आतील व्यवस्था सारखीच असते. पाणी आत येते तेथे अन्नकण अडविणारी, सहज काढता येणारी जाळी असते. आत येणारा नळ ‘टी’ जोडाने पाण्याच्या पातळीखाली वळविलेला असतो, त्यामुळे पाणी वरून कोसळून साठलेला थर ढवळत नाही. मध्ये एक आडभिंत असते आणि तिच्यातील छिद्र तळ व पृष्ठभाग यांच्या दरम्यान ठेवलेले असते. दोन कप्प्यांपैकी पहिला सर्वसाधारणपणे एकूण घनफळाच्या दोन-तृतीयांश असतो. बाहेर जाणारा नळही ‘टी’ जोडाने खाली उतरविलेला असून त्याचे तोंड तळापासून सुमारे ३० सेंमी. वर असते, अशा रीतीने वरचे तेल व खालचा साका या दोहोंना टाळून मधले पाणीच बाहेर पडते. येणाऱ्या नळाचा तळ जाणाऱ्या नळाच्या तळापेक्षा ५ ते ८ सेंमी. उंच असावा. गवंड्याकडून हे अंतर उलटे किंवा समपातळीत झाल्यास पाणी मागे स्वयंपाकघरात तुंबते, आणि दोष मात्र सापळ्याला दिला जातो.

लहान पेटीला आणखी एक भाग लागतो व तो सर्रास वगळला जातो. तो म्हणजे येणाऱ्या नळातील प्रवाह-नियंत्रक चकती. मोरीचे बूच काढल्याबरोबर पाण्याचा लोंढा येतो. चकतीतील ठराविक छिद्रामुळे तो पेटीच्या क्षमतेइतकाच राहतो. चकतीच्या पलीकडे हवा आत येण्यासाठी बारीक नळी ठेवावी लागते. चकती नसलेली पेटी कागदावर कितीही क्षमतेची असली, तरी प्रत्येक लोंढ्याबरोबर आपला साठा गटारात रिकामा करीत असते.

आकारमान : हिशेब मोरीवरून किंवा जेवणाऱ्यांच्या संख्येवरून करतात. मोरीवरून करावयाचा हिशेब असा : एका खाणावळीत प्रत्येकी ६० × ४५ × ३० सेंमी. मापाच्या दोन कुंड्यांची मोरी आहे. प्रत्येक कुंडीचे घनफळ ८१ लि., दोहोंचे १६२ लि. होते. भांडी बुडविलेली असल्याने प्रत्यक्षात पाणी त्याच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १२० लि. धरतात. दोन्ही कुंड्या एकदम सोडल्यास त्या दोन मिनिटांत रित्या व्हाव्यात अशी चकती बसविली, तर प्रवाह मिनिटाला ६० लि. येतो. या प्रवाहाची पेटी निवडताना ती किती स्निग्ध पदार्थ साठवू शकते, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील प्लंबिंग अँड ड्रेनेज इन्स्टिट्यूटच्या मानकाप्रमाणे मिनिटाला एक गॅलन प्रवाहामागे दोन पौंड साठवणशक्ती लागते. त्यानुसार ही पेटी सुमारे १४ किग्रॅ. साठा धरील. दररोज १ किग्रॅ. स्निग्ध पदार्थ मोरीत जात असतील, तर दोन आठवड्यांत ती भरेल. याचा अर्थ असा की, अशी पेटी घेणाऱ्याने दर आठवड्याला ती साफ करण्याची जबाबदारीही त्याच दिवशी घेतलेली असते.

हेच पाणी जमिनीतील टाकीत अर्धा तास थांबवावयाचे झाल्यास १,८०० लि. घनफळ लागते, १.९ मी. लांब, ०.९५ मी. रुंद व पाण्याची खोली १ मी. अशी टाकी त्यासाठी पुरते. तिचे पाण्याचे पृष्ठफळ सुमारे १.८ चौ. मी. होते. सेकंदाला १ लि. प्रवाह या पृष्ठफळावर विभागल्यास पाण्याचा ऊर्ध्व वेग सेकंदाला सुमारे ०.५५ मिमी. येतो, याहून अधिक वेगाने चढणारे, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब टाकीत अडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. थेंब अडण्याच्या दृष्टीने टाकीच्या खोलीपेक्षा तिच्या पृष्ठफळाला महत्त्व आहे. जागा कमी म्हणून अरुंद व खोल विहिरीसारखी टाकी बांधली, तर लिटरांचा हिशेब जुळतो, पण वेगळे होण्याचे काम तितके होत नाही. शिवाय अशा टाकीच्या तळाशी हात पोहोचत नाही व माणूस उतरविण्याचा मोह होतो.

जागेची निवड : सापळ्याची जागा ठरविताना दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. तो मोरीपासून फार दूर असल्यास पाणी मधल्याच नळात निवून तेथे थर धरतो. फार जवळ असल्यास पाणी गरमच पोहोचते व वेगळे होण्याचे काम अपुरे राहते. थोड्या अंतरावर, पण थेट व कमीत कमी वळणांच्या नळाने जोडलेला सापळा सर्वांत चांगला. मोरी, भांडी धुण्याचा ओटा, फरशीवरील निचऱ्याच्या जाळ्या व मांस-मासळी धुण्याची जागा यांचे पाणी सापळ्यातून जावे. शौचालय, स्नानगृह आणि पावसाचे पाणी त्यात कधीही येऊ देऊ नये. मैला आत आल्यास गाळ काढणे अधिक घातक होते व काढलेल्या स्निग्ध पदार्थांचा काही उपयोग करता येत नाही. पावसाचा लोंढा आल्यास सर्व साठा वाहून जातो.

मोठी टाकी इमारतीबाहेर, गल्ली ट्रॅप व सार्वजनिक गटाराचे चेंबर यांच्या आधी असावी आणि गाळ उपसणाऱ्या गाडीची नळी तेथपर्यंत पोहोचावी. शहरांतील जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवरील उपाहारगृहांत अशी जागा बहुधा मिळत नाही. मग पेटी मोरीखाली येते. ती अन्न शिजविण्याच्या व साठविण्याच्या जागेपासून दूर असावी, जाळी व झाकण वर काढण्यास पुरेशी मोकळी जागा सोडावी आणि तिच्यावर पिंपे, सिलिंडर, कांद्याची पोती रचली जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी. झाकण उघडावयास दहा मिनिटे सामान हलवावे लागत असेल, तर ते झाकण उघडले जात नाही, हे अनुभवाने सांगता येते.

बसवणी : टाकीसाठी खड्डा खणून तळ ठोकून घेतात व त्यावर काँक्रीटचा थर देतात. वीटकाम असल्यास आतून जलाभेद्य सिमेंट गिलावा करणे आवश्यक आहे. टाकीच्या वरच्या भागात हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो व सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने ओलसर भिंतीवर त्याचे सल्फ्यूरिक अम्ल बनते. पाण्याच्या पातळीवरचा गिलावा व झाकणाखालचे काँक्रीट त्यामुळे प्रथम झडते. तेथे अम्लरोधक लेप द्यावा. प्लॅस्टिकची टाकी हलकी असल्याने कोकणासारख्या भूजल वर असणाऱ्या भागात ती रिकामी करताच पावसाळ्यात उचलली जाऊ शकते. ती तळाच्या काँक्रीटला जखडून ठेवावी आणि भोवतालची माती भरताना आत पाणीही भरत जावे.

मोरीपासून येणाऱ्या १०० मिमी. व्यासाच्या नळाला १:६० च्या आसपास उतार देतात. काटकोनी वळणे टाळून दोन ४५° ची वळणे वापरावीत आणि प्रत्येक वळणाजवळ साफ करण्याचे तोंड ठेवावे. टाकीच्या दोन्ही कप्प्यांवर स्वतंत्र झाकण हवे. एकच झाकण ठेवून दुसरा कप्पा फरशीखाली बंद करणे हा फार आढळणारा दोष आहे. झाकण वायुरोधक असावे व वाहने जात असलेल्या जागी जड वाहतुकीचे घ्यावे. टाकीला व्हेंट पाइप जोडून तो छपरावर, खिडक्यांपासून दूर नेतात. त्यामुळे दुर्गंधी स्वयंपाकघरात येत नाही आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीने मोरीच्या ट्रॅपमधील पाणीही शोषले जात नाही.

काम पूर्ण झाल्यावर टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवतात व पातळी उतरते का, ते पाहतात. स्वयंपाकघर सुरू करण्यापूर्वी सापळा स्वच्छ पाण्याने निर्गम-पातळीपर्यंत भरलेला असलाच पाहिजे. कोरड्या सापळ्यात पहिले तेलकट पाणी तळाशीच पडते आणि आडभिंतीखालून व निर्गम नळातून सरळ निघून जाते. प्रत्येक सफाईनंतरही हीच काळजी घ्यावी लागते.

भारतात इमारतींच्या निचऱ्याविषयी आयएस १७४२ ही आचारसंहिता व राष्ट्रीय इमारत संहिता (प्रथम १९७०, सुधारित १९८३, २००५ व २०१६) मार्गदर्शक आहेत. प्रत्यक्ष परवानगी स्थानिक नगरपालिका वा महानगरपालिका देते व तिचे नियम आधी पाहणे इष्ट असते.

देखभाल : सापळा केव्हा साफ करावा, यासाठी एक सोपा नियम प्रचलित आहे. वरचा तेलाचा थर व खालचा साका यांची एकत्रित जाडी पाण्याच्या खोलीच्या एक-चतुर्थांश झाली की, तो साफ करावा. वर दिलेल्या १ मी. खोलीच्या टाकीत ही मर्यादा २५ सेंमी. येते. खुणा केलेली काठी किंवा पारदर्शक नळी बुडवून ती मोजतात. यूरोपीय मानकात महिन्यातून निदान एकदा आणि शक्यतो दर पंधरवड्याला टाकी रिकामी करावी, असे म्हटले आहे. लहान पेटी आठवड्याला, आणि मिसळ, भजी, मांसाहारी रस्से यांसारखे तेलकट पदार्थ प्रामुख्याने करणाऱ्या ठिकाणी त्याहूनही लवकर साफ करावी लागते. जाळीतील अन्नकण मात्र रोजच काढले पाहिजेत.

पाणी निवलेले असताना, शक्यतो सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सफाई करतात. प्रथम वरचा थर सपाट पळीने किंवा झाऱ्याने काढून झाकणाच्या पिंपात भरतात, मग साका काढतात, आडभिंत व बाजू खरवडतात आणि पुन्हा पाणी भरतात. थर काढण्याऐवजी उकळते पाणी किंवा कॉस्टिक सोडा ओतून तो ‘विरघळविणे’ म्हणजे आपली अडचण दोन चेंबरे पुढे ढकलणे होय. सूक्ष्मजंतू किंवा विकरे असलेली द्रावणे ओतल्यास सफाईची गरजच उरत नाही, असे दावे विक्रेते करतात. ते सावधपणे घ्यावेत. विकरांनी तेलाचे वसाम्लांत रूपांतर होते, पण ही वसाम्ले पाण्याबरोबर पुढे गेल्यास तेथे कॅल्शियमाचा साबण बनण्यास मोकळी होतात.

सापळ्यावरचा भार कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय त्याच्या बाहेरच असतो. ताटे-पातेली धुण्यापूर्वी खरडून, कागदाने किंवा भुश्श्याने पुसून घेतल्यास पाण्यात जाणारे तेल पुष्कळच घटते. आपल्याकडे राखेने भांडी घासण्याच्या जुन्या पद्धतीत हे काम आपोआप होत असे. मिसळीच्या कटाचे उरलेले तेल किंवा कढईतील जळके तेल मोरीत ओतणे सर्वस्वी गैर आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल तळणीसाठी वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्यापासून जैव डीझेल करण्याची योजना त्याच वर्षी सुरू झाली आहे. हे तेल वेगळ्या डब्यात साठवावे. त्याला बाजारभाव मिळतो.

धोका : दुर्लक्षित टाकीत अन्नकण अवायुजीवी सूक्ष्मजंतूंमुळे कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू तयार होतात आणि ऑक्सिजन घटतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणातही येतो, पण दशलक्ष भागांत १०० भागांच्या सुमारास घ्राणशक्तीच बधिर होते व वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ५०० ते ७०० भागांत माणूस कोसळतो. १,००० भागांत मृत्यू जवळजवळ तत्काळ येतो. साका ढवळला जाताच अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, म्हणून वरून सुरक्षित वाटणारी टाकी काम सुरू झाल्यावर प्राणघातक ठरते. पहिल्या माणसाला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही अशा दुर्घटनांत बळी पडतो.

हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने गटारे व सेप्टिक टाक्या यांची माणसाकडून धोकादायक रीतीने सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. जमिनीतील मोठ्या वसा-सापळ्यातील धोका या टाक्यांतील धोक्याहून वेगळा नाही. तेथील सफाई बाहेरून, शोषक पंपाच्या गाडीनेच झाली पाहिजे. यासाठी टाकी बेताच्या खोलीची, दोन्ही कप्पे उघडता येणारी व गाडीच्या नळीच्या टप्प्यात असावी लागते, आणि हे सर्व आराखडा काढतानाच ठरत असते. नंतर दुरुस्ती करावयाची म्हटल्यास ओटे व फरश्या उखडाव्या लागतात, आणि त्या बहुधा उखडल्या जात नाहीत.

विल्हेवाट व मर्यादा : सापळ्यातून निघालेला गाळ नाल्यात, उघड्या जागेवर किंवा पुढच्या चेंबरमध्ये टाकणे बेकायदा आहे. शोषक गाडी तो गटारात न सोडता अधिकृत प्रक्रिया-केंद्रावर नेते की नाही, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघराच्या चालकाने तारीख, राशी व ठिकाण यांची नोंदवही ठेवावी. स्निग्ध पदार्थांपासून अवायुजीवी कुंडात मिथेन वायू भरपूर मिळतो, म्हणून ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या वायुसंयंत्रात हा गाळ माफक प्रमाणात मिसळता येतो. एकदम जास्त घातल्यास वसाम्ले साचून संयंत्र बंद पडते. जैव डीझेलसाठी तो तळणीच्या तेलाइतका सोयीचा नाही. त्यात पाणी व मुक्त वसाम्ले जास्त असतात आणि नेहमीच्या अल्कली पद्धतीने त्याचा साबणच होऊ लागतो. आधी अम्लाच्या साहाय्याने एस्टरीकरण करून घ्यावे लागते.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांखालील सर्वसाधारण मानकांप्रमाणे सार्वजनिक वाहितमल-नळात सोडावयाच्या पाण्यात तेल व ग्रीज यांचे प्रमाण लिटरमागे २० मिग्रॅ. व जमिनीवरील जलाशयांत सोडावयाच्या पाण्यात १० मिग्रॅ. यांहून अधिक नसावे. उपाहारगृहाच्या कच्च्या सांडपाण्यात हे प्रमाण शेकडो मिलिग्रॅम असते. गुरुत्वाकर्षणावर चालणारा सापळा तरंगणारे तेल काढतो, पायसरूपातील तेल काढू शकत नाही. त्यामुळे प्रक्षालकांचा भरपूर वापर असलेल्या मोठ्या हॉटेलांत केवळ त्याच्यावर विसंबून २० मिग्रॅ.ची मर्यादा गाठता येत नाही. तेथे सापळ्यानंतर हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून तेल तरंगविणारे संयंत्र किंवा जैव प्रक्रिया यांची जोड देतात. लग्नसराईत मांडवालगत उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्वयंपाकघरांसाठी मात्र छावणीतल्यासारखे फळीचे पिंप आजही पुरेसे आहे. दोनशे लिटरांच्या पिंपात एक उभी फळी घट्ट बसवून तिची खालची कड तळापासून दोन-तीन सेंमी. वर ठेवावी, आत येणाऱ्या पाण्यावर गोणपाट ताणावे आणि पंगती उठल्यावर, पाणी निवले की, वरचा थर काढून घ्यावा.